नफिसा टीचरच्या वर्गात

संभाजीनगरला आठवडाभर राहिले आणि लेणी न बघता परत आले, हे ऐकून आमच्या लांज्यात माझी बरीच चेष्टा झाली. "मग केलंस काय तिथे?" असं जो तो विचारतो. बालवाडीत बसले होते, असं सांगितलं की लोक आणखीनच हसतात, कारण लांज्यातही मी वर्षानुवर्षं बालवाडीतच बसलेली असते. तेव्हा एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

पुंडलिकनगर

सुनंदा माझी जुनी मैत्रीण. पुण्याला बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करताना आम्ही एका खोलीत राहत होतो. मी कोकणात परतले; ती लग्न होऊन संभाजीनगरला आली आणि पुंडलिकनगरातल्या घराच्या तळमजल्यावर तिनं बालवाडी काढली. या हिवाळ्यात तिचा फोन आला. आवाज थकलेला होता. "माधवी, ये बाई. मला एकटीला नाही झेपत आता."

झालं असं होतं : तीन-चार वर्षांच्या मुलांकडून रोज अक्षरं गिरवून घेणं बंद करायचं, असं सुनंदानं दिवाळीनंतर ठरवलं होतं. मुलांनी बोलावं, ऐकावं, हातानं काही करावं. लिहिण्याला अजून वेळ आहे. हे आम्ही दोघी पुण्यात शिकलो होतो, पण आईबापांच्या आग्रहापुढे तिला ते इतकी वर्षं जमलं नव्हतं. आता जमवायला गेली तर दोन्हीकडून पंचाईत. पालक कुरकुरत होते. आणि पहिल्या दिवसापासून तिच्यासोबत असलेल्या नफिसा टीचरना तर हे मुळीच पटलेलं नव्हतं. शनिवारी पालकांची सभा होती. तिथे मुलं काढून घ्यायची भाषा होणार, हे सुनंदाला दिसत होतं.

पहिल्या सकाळी तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "सुशीला खाणार ना?" सुशीला नावाची कुणी बाई घरी आलीय आणि तीही आमच्याबरोबर खाणार आहे, अशा समजुतीनं मी "त्या कोण?" असं विचारलं. सुनंदा हसून हसून बेजार. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर दाण्याचा कूट आणि कोथिंबीर, याचं मराठवाड्यातलं नाव सुशीला. आमच्याकडे चुरमुरे भेळेपलीकडे जात नाहीत. मी दोनदा मागून घेतली.

मग खाली वर्गात गेले. नफिसा टीचर पन्नाशीच्या. अंगावर फिकट रंगाचा सुती ड्रेस, डोक्यावर नीट पिन लावलेली ओढणी. फळ्यावरचं अक्षर असं की छापलेलं वाटावं. मुलं मांडी घालून ओळीत बसलेली आणि प्रत्येकाच्या पाटीवर 'क'. सुनंदानं बंद म्हटलं होतं खरं, पण दार लोटून गिरवणं चालूच होतं! वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी एवढी शांतता. मुलं भेदरलेली नव्हती, नफिसा टीचर कुणावर ओरडतही नव्हत्या. एकेकाच्या मागे वाकून, हात हातात धरून त्या अक्षराला वळण देत होत्या. पण एवढ्या मुलांत कुणाला काही म्हणायचंच नसावं, याचं मला वाईट वाटत होतं.

कोपऱ्यात एक मुलगी होती. पेन्सिल तिनं मुठीत पकडली होती, लाटणं धरावं तशी. "ही ओवी," नफिसा टीचर मला म्हणाल्या. "दिवाळीनंतर आली. अजून तोंडातून एक शबूद नाय काढला. जरा मंद हाय वाटतं."

हे सगळं त्यांनी ओवीला ऐकू जाईल असंच म्हटलं. ओवीनं मान वर केली नाही.

शाळा सुटली तेव्हा मुलांची रिक्षा यायला उशीर होता. सगळी पायऱ्यांवर बसली आणि नफिसा टीचरनी बोलायला सुरुवात केली. "एक होती मांजर. आपल्या छावणीतली. तिला वाटलं, आपण बी पलटणीत भरती व्हावं. गेली साहेबाकडं. साहेब बोले, क्यूँ गं, मिशा हायेत का तुला?" मुलं एका आवाजात ओरडली, "हायेत!" मग मांजर कवायत करायला लागली आणि सगळी मुलं पायऱ्यांवर पाय आपटायला लागली. नफिसा टीचरचा आवाज मांजरीचा झाला, साहेबाचा झाला, बिगुलाचा झाला. त्यात मराठी होती, दखनी होती, हिंदी होती. मुलांचं कुठेही अडत नव्हतं. ओवी बोलली नाही. पण तिचे पाय तालात हलत होते.

मी भारावून गेले आणि मुलं गेल्यावर लगेच म्हटलं, "नफिसाताई, हे जे आत्ता केलंत ना, तेच वर्गात करा. हेच शिक्षण."

त्यांचा चेहरा उतरला. "हे टाइमपास हाय मॅडम, रिक्षा येईस्तोवर. म्हणजे दिवसभर माझं शिकवणं पाहून तुम्हाला रिक्षाची वाट पाहणंच आवडलं?"

त्यांनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी नवीन घोळ घातला. मुलांना ओतण्या-भरण्याचा खेळ द्यावा म्हणून मी सुनंदाच्या मदतनीस बाईंना सांगितलं, अंगणात चार टब पाण्यानं भरून ठेवा. लांज्यात आम्ही हे वर्षभर करतो. विहीर आहे, आणि आमच्या पावसाबद्दल काय बोलावं! मदतनीस बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग नफिसा टीचरकडे बघू लागल्या. नफिसा टीचर कालपासून माझ्याशी बोलत नव्हत्या, पण आता त्यांना हसू आवरेना.

"मॅडम, आमच्या इथं पाणी म्हणजे पाव्हणा असतंय. आठवडा-आठवडा वाट बघावी तेव्हा नळाला येतंय. पाव्हण्याला कुणी अंगणात सांडतंय का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, ओशाळून. त्या हसण्यानं आदल्या दिवशीचा ताण जरा सैल झाला. निघताना त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी माझ्याकडं जेवायला या. तुमच्या कोकणात खलिया नसंल मिळत."

छावणी

छावणीत शिरलं की शहर एकदम शिस्तीत येतं. मोठी जुनी झाडं, चुना लावलेली खोडं, पांढरे दगड. बाजाराच्या मागच्या गल्लीत नफिसा टीचरचं घर. त्यांचे पती सलीमभाई शिवणकाम करतात. फौजी कपड्यांवरच्या पट्ट्या लावून देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं त्यांनीच मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

जेवायला नान आणि खलिया. नान हळदीनं पिवळा, तळहाताएवढा जाड. खलिया म्हणजे मटणाचा मसालेदार रस्सा. आमच्याकडच्या रश्श्यात नारळ बोलतो, इथे खसखस, सुकं खोबरं आणि मिरी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सलीमभाई घाईघाईनं दह्याची वाटी पुढे करत म्हणाले, "घ्या घ्या, कोकणातल्या पाहुण्यांना आमचा मसाला लागतो."

जेवण झाल्यावर सलीमभाई दुकानात गेले आणि आम्ही दोघी सुपारी घेत बसलो. नफिसा टीचरनी आपणहूनच विषय काढला.

"मॅडम, माझ्या अम्मीला लिहायला येत नव्हतं. मामूचं पत्र आलं की शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. तो वाचायचा, पण आधी सगळ्यांसमोर तिला हसायचा. मी दुसरीत गेले न् पहिल्यांदा मामूला पत्र लिहिलं. तवापासून अम्मी कुणाच्या दारात उभी नाय राहिली. नंतर सगळी गल्ली माझ्याकडून अर्ज लिहून न्यायची. अक्षर म्हणजे इज्जत हाय मॅडम. ती मी लेकरांच्या हातात देते. आता तुम्ही दोघी म्हणता, नको देऊ."

अशा माणसाला पुस्तकातलं वाक्य ऐकवण्यात अर्थ नव्हता.

"पहिलं पत्र लिहिलंत तेव्हा काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

त्या हसल्या. "लई काही. बकरीला पिल्लं झाली. अब्बांची टोपी हरवली. अम्मी सांगत होती न् मी मधीच माझं घुसडत होते."

"म्हणजे तुमच्याकडे सांगायला होतं."

"व्हय, तर!"

"ओवीकडे काय असेल सांगायला?"

त्या सुपारी चघळायच्या थांबल्या. "मला कसं माहीत? ती बोलतच नाय."

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "लिहिणं काढून घ्यायचं नाहीच नफिसाताई. फक्त आधी तिचं बोलणं सापडू दे."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तिची आत्या पाचोडच्या बाजारात धान्य विकते म्हणतात. ओवी दिवाळीपर्यंत तिच्याकडंच होती. आई बाळंतपणाची होती ना."

पाचोड

बाजाराच्या दिवशी सुनंदानं बालवाडीला सुट्टी दिली आणि आम्ही तिघी पाचोडला निघालो. पाण्याऐवजी ओतायला-मोजायला ज्वारी आणायची, हे निमित्त. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, मधूनच मोसंबीच्या बागा. माझ्या डोळ्यांना डोंगराची सवय. इथे आभाळ थेट जमिनीला टेकतं. सुरुवातीला उघडंउघडं वाटतं, मग बरं वाटायला लागतं. एका शेताच्या कडेला हुरडा भाजत होते. आम्ही गाडी थांबवली तर ओळख ना पाळख, त्या माणसांनी गरम दाणे आमच्या तळहातांवर चोळून दिले. "खा की, लाजता काय?" आमच्याकडे अनोळखी पाहुण्याला आधी गाव विचारतात, मग पाणी. इथे आधी खायला आणि मग गाव.

पाचोडच्या बाजारात मिरचीचे ढीग, दोरखंड, बैलांच्या घुंगुरमाळा आणि सगळ्यांचे चढे आवाज. ओवीची आत्या कमलबाई पोत्यांच्या मधोमध बसल्या होत्या. धिप्पाड बाई, कपाळावर मोठं कुंकू. नफिसा टीचरनी ज्वारी मागितली. कमलबाईंनी शेराचं माप भरलं, वर शीग चढवली, आमच्या पिशवीत ओतलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "लाभ!" मग "दोन", मग "तीन".

"एक का नाही म्हणत?" मी विचारलं.

"पैल्या मापाला एक नसतंय म्हणायचं बाई. घेणाराला लाभ, देणाराला लाभ. आमच्या म्हाताऱ्या माणसांपासनं हेच चालू हाय."

मग नफिसा टीचरनी सांगितलं, आम्ही ओवीच्या शाळेतल्या. माप कमलबाईंच्या हातातच राहिलं.

"माझी ओवी? कशी हाय वं? शिकती का?"

"शिकतीय," नफिसा टीचर म्हणाल्या. "पण बोलत नाय."

"कोण? ओवी?" कमलबाईंनी शेजारच्या मिरचीवाल्याला हाक मारली. "अय, ऐकलं का? ओवी बोलत नाय म्हणं!" तो माणूस हसायलाच लागला. "तिनं तर मला बी गिऱ्हाईक करून दिलंय की. इथं पोत्यावर बसून वरडायची. निम्मा बाजार तिला ओळखतोय."

हसता हसता कमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "पोर मुकी नाय बाई. परक्या ठिकाणी बसलीय."

परतीच्या रस्त्यावर नफिसा टीचर खिडकीबाहेर बघत होत्या. बराच वेळ गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मी तिला मंद म्हणले. तिच्या समोर." सुनंदानं त्यांचा हात हातात घेतला.

पुन्हा पुंडलिकनगर

दुसऱ्या दिवशी वर्गात मध्यभागी सतरंजी, त्यावर पसरट घमेल्यात ज्वारी, भोवती वाट्या, सुपं आणि पाचोडहून आणलेली लहानमोठी मापं. नफिसा टीचर मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मागं बसा. मी करते." मी मागे जाऊन बसले.

मुलं तुटून पडली. वर्गाची सगळी शिस्त ज्वारीसारखी सांडली आणि नफिसा टीचरच्या कपाळावर आठी चढली. मला वाटलं, आता पाट्या काढायला सांगतील. पण त्यांनी ओढणी खोचली, स्वतः खाली बसल्या आणि बाजारात बसल्यासारखी हाळी दिली, "ज्वारी घ्या ज्वारी! पाचोडची ज्वारी!"

ओवीनं झटकन मान वर केली.

नफिसा टीचरनी माप भरलं आणि एका मुलाच्या पिशवीत ओतलं. "एक!" दुसरं माप भरलं. "दोन!" तिरक्या नजरेनं त्या ओवीकडे बघत होत्या. ओवी सतरंजीच्या कडेला येऊन उभी राहिली. नफिसा टीचरनी दुसऱ्या मुलाची पिशवी घेतली, माप ओतलं. "एक..."

"एक नाय!" ओवी ओरडली. "लाभ म्हण! लाभ!"

सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघायला लागला. नफिसा टीचरनी माप तिच्या हातात दिलं. "मला नाय येत बेटा. तू दाखव."

ओवी बसली. माप भरलं, तळहातानं थोपटलं, शीग चढवली. "लाभ! दोन! तीन! पिशवी नीट धर की रं, सांडतीय!" एका मुलीला ती म्हणाली, "तुला उधार नाय." अगदी आत्याचाच तोरा. मोजता मोजता ती बारापर्यंत गेली. तिला बारापर्यंत मोजता येतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मागे बसलेल्या मला समोरचं धूसर दिसायला लागलं होतं. नफिसा टीचर मात्र रडल्या नाहीत. त्या घासाघीस करत होत्या.

त्याच आठवड्यात मांजरीची गोष्टही पायऱ्यांवरून वर्गात आली.

शनिवारच्या सभेला खोली भरली होती. ओवीचे वडील भाऊसाहेब वाळूजच्या कारखान्यातून थेट आले होते. त्यांनीच सुरुवात केली. "ताई, राग मानू नका. पण गावाकडनं पोरगी शिकायला आणली. शेजारचं पोरगं एबीसीडी लिहितंय न् आमची ज्वारी मोजतीय. ते तर आमच्या बहिणीकडं बी होतंच की." मागून दोघी-तिघी म्हणाल्या, "बरोबर हाय." एका आईनं सांगूनच टाकलं, की ती दुसऱ्या शाळेत चौकशी करून आलीय.

अशा वेळी काय करायचं, हे सुनंदानं आणि मी ठरवून ठेवलं होतं. सुनंदा उठणार, तेवढ्यात नफिसा टीचरच उभ्या राहिल्या. आम्ही तयार ठेवलेले कागद आणि पेन्सिली त्यांनीच सगळ्यांना वाटल्या. "डाव्या हातानं आपलं नाव लिहा. सुवाच्य. माझ्या वर्गात खाडाखोड चालत नाय."

हसत हसत सगळे वाकले. हळूहळू हसणं थांबलं. कुणाची जीभ बाहेर आली, कुणाचा खांदा वर गेला. भाऊसाहेबांनी इतक्या जोरानं दाबलं, की टोकच मोडलं.

"दुखतंय ना मनगट?" नफिसा टीचर म्हणाल्या. "ओवीचा हात तुमच्या डाव्या हातापेक्षा कवळा हाय. या शहरात किती लेकरांचे हात मी वळवले, हे तुम्हाला माहीत हाय. तुमच्यातल्या दोघांना तर मीच शिकवलंय. ओवीला लिहायला मीच शिकवीन. माझी जबान हाय. पण आधी तिच्याकडं लिहिण्याजोगं कायतरी साठू द्या. बोलणाऱ्या लेकराला अक्षर लवकर येतंय. गप्प लेकरू नुसतं गिरवतंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रश्न आले, वादही झाला. चौकशी करून आलेल्या आईनं मूल काढलंच, आणखी एका घरानंही काढलं. सुनंदाला ते लागलं. भाऊसाहेब तर काही न बोलताच उठून गेले होते, त्यामुळे ओवीचं काय, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी सकाळी त्यांची मोटरसायकल फाटकाशी थांबली. पुढे टाकीवर ओवी. "टीचर," ते नफिसा टीचरना म्हणाले, "काल घरी तुरीची डाळ सगळी मोजून झाली. आईसंगं, बाळासंगं, सारखी बडबड चालू हाय. इकडं आल्यापासनं पहिल्यांदा." मग जरा थांबून म्हणाले, "जबान दिलीय तुम्ही, ध्यानात ठेवा."

"मी विसरत नसते," नफिसा टीचर म्हणाल्या.

माझी बस दुपारची होती. सुनंदानं धपाटे आणि दाण्याची चटणी बांधून दिली होती, सलीमभाईंनी माझ्या जुन्या पिशवीला नवा पट्टा शिवून पाठवला होता. मी वर्गात निरोप घ्यायला गेले. मुलं गळ्यात पडली. ओवी मात्र माझ्याशी आठवडाभर एक शब्दही बोलली नव्हती आणि आताही नफिसा टीचरच्या ओढणीमागे लपली.

"बोल ना बेटा, मावशी चालली."

ओवीनं त्यांना खाली वाकायला लावलं आणि कानात काहीतरी कुजबुजली. नफिसा टीचर खो खो हसायला लागल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारतीय, ही मावशी रोज मागं बसायची, ती कुणाच्या वर्गात हाय?"

"मग तुम्ही काय सांगणार?"

नफिसा टीचरनी माझी पिशवी उचलून माझ्या खांद्याला लावली आणि ओवीला म्हणाल्या, "आपल्याच वर्गात हाय, बेटा. घर लांब हाय तिचं, म्हणून लवकर सोडली."